मुलं हात कुठे धुतात

शनिवारी शिंप्याच्या जुळ्यांपैकी थोरला ओकला. सोमवारी दुपारी धाकटा. मंगळवारी सकाळी माझी नात. तिघंही आमच्याच पाळणाघरातली. नातीला उचलून मी दवाखान्याकडे पळत होतो तेव्हाच माझं ठरलं होतं, की हे छोट्या मावशीचं काम आहे.

छोटी मावशी कोण ते सांगतो. आमच्या पुढच्या खोलीत माझी बायको अकरा वर्षं पाळणाघर चालवायची. मुलं तिला मोठी मावशी म्हणायची. सहा वर्षांपूर्वी तिने मदतीला एक बाई घेतली, ती छोटी मावशी. ती माझ्या बायकोपेक्षा चांगली वीतभर उंच. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की बायको म्हणायची, "मोठी मीच, फक्त मला वरून कापलंय."

चार महिन्यांपूर्वी बायको गेली. पाळणाघर बंद करावं असं माझ्या मनात होतं, पण बारा मुलांच्या आया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांत माझी मुलगीही होती. ती पोस्टात काउंटरवर बसते, जावई लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो, मूल ठेवणार कुठे? मग ठरलं, जागा माझी आणि मुलं छोट्या मावशीने सांभाळायची. ती बायकोच्या स्टुलावर बसायची ते मला खुपायचं. खोलीत दुसरं स्टूल नव्हतं हे मला माहीत होतं. तरी खुपायचं.

नात दीड वर्षाची. तिला आम्ही मिरी म्हणतो. आकाराने तेवढी, तिखटही तेवढीच. त्या मंगळवारी तिचं तिखट उतरलं होतं. रडायची, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. ओठांना पापुद्रे आले होते.

"आजोबा, लघवी कधी झाली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या.

"डायपर सकाळपासून कोरडाच आहे."

"साखर-मिठाचं पाणी दिलंत?"

"चमच्याने दिलं. दिलं तेवढं बाहेर आलं."

त्यांनी मिरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही. मग त्यांनी नर्सला सलाईन लावायला सांगितलं. तेवढ्या हातात सुई घालताना मला बघवेना, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

"बहुतेक विषाणू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहान मुलांना एकाएकी उलट्या-जुलाब होतात ते जास्त करून विषाणूंमुळेच. रोटा असतो, नोरो असतो, आणखी दोन-चार आहेत. हिला रोटाचे थेंब दिलेत?"

"दिलेत. हिची आजीच घेऊन आली होती तुमच्याकडे."

"हो, आठवलं." त्यांनी कागदावर नोंद केली. "मग नोरो असण्याचा संभव जास्त. शी तपासायला पाठवते. यावर अँटिबायोटिक चालत नाही, हट्ट धरू नका. अंगातलं पाणी टिकवायचं, बाकी दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं."

"हे खाण्यातून आलं ना?"

"खाण्यातून येतं, पाण्यातून येतं, हातांवरून येतं, दाराच्या कडीवरूनही येतं. पोर बरं झालं तरी पुढे कित्येक दिवस त्याच्या शीतून बाहेर पडत राहतं."

विषाणू हा शब्द मला नेहमीच सोयीचा वाटत आलाय. कोणाचं नाव घ्यायचं नसलं की हे नाव घ्यायचं. बायको गेली तेव्हाही म्हणाले हृदय. मी आठ दिवस रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरवर संशय घेत होतो. तो चहा पीत बसला असेल, म्हणून उशीर झाला असेल. त्याच्या थांब्यावर जाऊन मी चहावाल्याला विचारूनही आलो. तो त्या दिवशी चहा प्यायलाच नव्हता. तरी त्याच्या गाडीचा भोंगा वाजला की मी अजून मान वळवतो.

मंगळवारी संध्याकाळी शिंप्याच्या दुकानावरून जात होतो. त्याने हाक मारली.

"काय नळवाले! तुमच्या पाइपात गटार शिरलं का काय?"

दुकानात आणखी दोघं बसले होते. एक शाळेतल्या शिक्षिका, त्यांचा मुलगा आमच्याकडे असतो. मी तीस वर्षं नळाची कामं करतोय. या वस्तीतल्या निम्म्या घरांचे पाइप माझ्या हातचे. मला कोणी चोर म्हणालं असतं तर एक वेळ चाललं असतं.

"पाण्याची खात्री मी देतो," मी म्हटलं. "जेवण कोण देतं ते बघा."

एवढंच म्हणालो. पण शिंप्याची कात्री थांबली आणि शिक्षिकाबाईंनी मान वर केली.

"छोट्या मावशीबद्दल बोलताय?"

"मी कोणाचं नाव घेतलं नाही."

नाव घेतलं नाही, पण नाव गेलं. बुधवारी सकाळपर्यंत ते दोन गल्ल्या पार करून आलं. शिळा भात होता म्हणे. दूध उघडं होतं म्हणे. शिक्षिकाबाई म्हणाल्या की शुक्रवारी पाच वाजता सगळ्या पालकांनी जमून सोक्षमोक्ष लावू, आणि दोष तिचा निघाला तर तिला काढू. मुलं सांभाळण्याच्या कामात माणसाचं नावच सगळं काही. ते एकदा गेलं की या वस्तीत तिच्या हाती कोणी मांजराचं पिल्लूही दिलं नसतं. आणि खोली माझी असल्यामुळे निकाल माझ्या शब्दावर होता, हे मला, तिला आणि सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बुधवारी चौथं मूल आजारी पडलं. मी गच्चीवरची टाकी उघडली, टॉर्च घेऊन आत उतरलो, तळाला बोट फिरवून वास घेतला. काही नाही. टाकीतलं एक आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं एक, अशा दोन बाटल्या भरून पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत देऊन आलो. परत आलो तेव्हा छोटी मावशी मागच्या मोरीत पाठमोरी बसून काहीतरी धूत होती. मला बघून तिने फडकं बादलीत दाबलं.

"काय धुताय?"

"फडकी."

"आत्ता? मुलं झोपलीत तेव्हा?"

"मुलं जागी असताना धुतली तर मुलं कोण बघेल, काका?"

उत्तर बरोबर होतं, म्हणून मला आणखी संशय आला. ती दूध आणायला गेली तेव्हा खुंटीवरची तिची पिशवी मी उघडली. आत छत्री, जपमाळेसारखी गुंडाळलेली चष्म्याची दोरी, एक डबा, आणि तपकिरी रंगाची बाटली. चिठ्ठी नाही, नाव नाही. झाकण उघडलं तर वासाने नाकात झिणझिण्या आल्या. ती बाटली खिशात घालून मी तडक दवाखाना गाठला. मिरी झोपली होती, उशाशी माझी मुलगी.

मी बाटली डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. "हे ती मुलांच्या पोटात घालते की काय बघा."

त्यांनी लांबूनच वास घेतला. "हे फरशी पुसायचं ब्लीच आहे, आजोबा. तुमच्या छोट्या मावशी काल संध्याकाळी माझ्याकडे आल्या होत्या. मूल ओकलं तर तिथे काय लावू, विचारत होत्या. मीच सांगितलं. हाताला चोळतात त्या जेलने नोरो फारसा मरत नाही, याने मरतो. हाताला मात्र साबण आणि वाहतं पाणी."

मी बाटली उचलायला हात पुढे केला.

"बिननावाच्या बाटलीत ठेवू नका, हे मी सांगेन त्यांना. तुम्ही सांगू नका. ही तुमच्याकडे कशी आली हे त्यांनी विचारलं तर पंचाईत होईल तुमची."

बाहेर मुलगी माझ्या मागे आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तिची पिशवी उघडलीत?"

"मिरीसाठी."

"मिरीसाठी नाही. आई गेल्यापासून तुम्हाला कोणाच्या तरी माथी खापर फोडायचंय. आधी तो ड्रायव्हर, आता ही."

बाटली नेऊन पिशवीत ठेवून दिली. मन मात्र मानलं नाही. ब्लीच आणलं म्हणजे तिलाही काहीतरी लपवायचं असणार, नाहीतर एवढी पुसापुसी कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. संशयाचं असंच असतं, त्याला काहीही खायला घाला, पचतं.

गुरुवारी दोन गोष्टी झाल्या. मिरीने सकाळी एकदा ओकून नंतर चमचा-चमचा पाणी पोटात ठेवलं आणि दुपारी नर्सचं पेन ओढून घेतलं, म्हणून तिला घरी सोडलं. आणि पाण्याचा रिपोर्ट आला. दोन्ही बाटल्या स्वच्छ. शीच्या तपासणीत नोरो निघाला. मी पाण्याचा रिपोर्ट शिंप्याच्या काउंटरवर आपटला.

"आता उरलं काय?" मी विचारलं.

"जेवण," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मी पाळणाघरात जाऊन बसलो. संध्याकाळी बोलायचं तर डोळ्यांनी बघून बोलावं, असा विचार होता. मुलं पाचच आली होती.

"बसा काका," छोटी मावशी म्हणाली. "स्टूल देऊ?"

"खुर्ची आणलीय मी."

"पहारा किती वाजेपर्यंत?"

"पहारा कसला? माझं घर आहे."

"तुमचंच आहे. पाय तेवढे वर घ्या, फरशी पुसायचीय."

मी पाय वर घेतले. कंडक्टरची चार वर्षांची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्हाला पण इथे ठेवलंय?"

"हो."

"तुम्हाला न्यायला कोण येणार?"

छोटी मावशी म्हणाली, "त्यांना उशिरा नेणार आहेत. चल, रंग भर." आणि माझ्याकडे न बघता फडकं पिळलं.

मी सगळं बघितलं. भात तिने माझ्यासमोर शिजवला, भाज्या माझ्यासमोर उकडल्या, दूध उकळून झाकलं. चमचे गरम पाण्यातून काढले. बोट ठेवायला जागा नव्हती. माझी चिडचिड होऊ लागली. साडेबारा वाजता ती म्हणाली, "हात धुवा रे," आणि पाचही मुलं रांगेत उभी राहिली. हा माझ्या बायकोचा नियम. हात धुतल्याशिवाय घास नाही, अकरा वर्षांत एकदाही मोडला नाही.

मुलं निळ्या प्लास्टिकच्या टबापाशी उभी होती.

तो टब तिथे मी ठेवला होता. मुलांसाठी मी एक बुटकं बेसिन बसवलं होतं, गुडघ्याच्या वर जेमतेम. त्याचा नळ गळायला लागला म्हणून तीन आठवड्यांपूर्वी काढला, पाइपाला बूच मारलं, आणि नवा नळ बसवेपर्यंत चालवा म्हणून टब भरून दिला. नवा नळ माझ्या पिशवीत होता. वीस मिनिटांचं काम. पण त्या बेसिनपाशी काम करायचं तर फरशीवर मांडी घालावी लागते, आणि मी तिथे मांडी घालून बसलो की बायको शेजारी बसून पान्हा हातात द्यायची. दर वेळी चुकीचा द्यायची. तिच्याशिवाय तिथे बसायला मला होत नव्हतं. लोकांचे नळ मी रोज बसवत होतो. हा आज-उद्यावर टाकत होतो.

पहिल्या मुलाने साबण लावून हात टबात घातले. दुसऱ्याचं नाक वाहत होतं, ते त्याने मनगटाने पुसलं आणि हात टबात घातले. छोट्या मावशीने टब उचलला, मोरीत ओतला, पुन्हा भरून आणला. मग तिसरं मूल. चौथं सगळ्यांत लहान, त्याने हात बुडवले आणि ओली बोटं सरळ तोंडात घातली. टबातलं पाणी राखाडी झालं होतं.

"हे पाणी..." मी म्हटलं.

"तुमच्याच टाकीचं," ती म्हणाली. "स्वच्छ आहे. रिपोर्ट आलाय ना?"

मी टबाकडे बोट केलं.

"आता पाच आहेत म्हणून दोघांमागे बदलते. बारा होती तेव्हा एकाला कडेवर घेऊन, दुसऱ्याला धरून, दर वेळी टब मोरीपर्यंत नेणं मला जमलं नाही. सगळ्यांना एकच पाणी व्हायचं. मंगळवारी त्या डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यावरून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण त्याआधीही मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं काका, नळ बसवा."

सांगितलं होतं. एकदा जिन्यात, एकदा दारात, एकदा मी जेवत असताना. तिसऱ्यांदा मी म्हटलं होतं, "माझ्या घरात नळ कधी बसवायचा ते मला शिकवू नका."

शिंप्याचा थोरला शनिवारी ओकला, रविवारी हिंडायला लागला आणि सोमवारी शिंप्याने त्याला आणून सोडला, हे मला तेव्हा आठवलं. बरं झालेल्या पोराच्या शीतूनही विषाणू पडत राहतो असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे शिंप्याने... आणि मी थांबलो. माझं बोट पुन्हा दुसऱ्याकडे वळायला निघालं होतं. त्याने पोर आणलं असेल, पण त्या पोराचे हात मिरीच्या तोंडापर्यंत पोचवणारा टब मी ठेवला होता.

मुलं झोपल्यावर मी पिशवी आणली, मांडी घातली आणि नळ बसवला. पान्हे माझे मीच घेतले. छोटी मावशी तिकडे फिरकली नाही. पाणी सोडून बघितलं, सांधा कोरडा होता.

पाच वाजता पालक जमले. बसायला मुलांच्याच खुर्च्या होत्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते. छोटी मावशी भिंतीला टेकून उभी. मिरी घरी जावयापाशी होती, मुलगी एकटीच आली होती. शिक्षिकाबाईंनी कागद काढला.

"नळवाले, तुम्ही आज दिवसभर इथे होतात. काय दिसलं?"

मला नीट बोलता येत नाही, तरी बोललो. "जेवणात काही नाही. जेवण तुमच्या-माझ्या घरापेक्षा चांगलं आहे. मी ते बोललो ते स्वतःचं अंग काढून घ्यायला. तीन आठवडे इथे नळ नव्हता. मी काढला आणि बसवला नाही. मुलं एका टबात हात बुडवत होती. आजार मुळात कुठून आला ते कोणी छातीठोक सांगणार नाही, पण पसरला बहुतेक त्यातून. यांनी मला तीनदा सांगितलं होतं."

मग शिंपी म्हणाला, "म्हणजे नळवाल्याच्याच घरी नळ नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

दोघं-तिघं हसले. शिंप्याची बायको हसली नाही. ती म्हणाली, "अंधार आपल्याकडेही आहे. एका दिवसात थोरल्याला आणून सोडला कोणी?" शिंपी आपले बूट बघू लागला.

शिक्षिकाबाईंनी कागदावरचं काहीतरी खोडलं. पोट बिघडलेलं मूल सगळं थांबल्यावर पूर्ण दोन दिवस घरीच ठेवायचं, असा नियम ठरला. कंडक्टरने मुलगी काढून घेतली. त्याचा राग माझ्यावर होता, तो त्याने मला तोंडावर सांगितला. बाकीचे हळूहळू गेले. जाताना एक-दोघी छोट्या मावशीच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. मी पायरीवर बसलो होतो, ती तिथे आली.

"पिशवीतली बाटली तुम्ही घेतली होतीत," ती म्हणाली.

"हो."

"परत ठेवलीत, पण दुसऱ्या कप्प्यात. ते मघाशी सगळ्यांसमोर नाही सांगितलंत."

"लाज वाटली."

"आणि मला? दोन दिवस बाजारात जाताना मला काय वाटत होतं?"

मी मान खाली घातली. माफ करा म्हटलं. तिने ते ऐकलं, पण असू दे म्हणाली नाही.

"पलीकडच्या गल्लीत एक खोली बघून आलेय," ती म्हणाली. "पण मुलांना ही सवयीची आहे. राहीन मी. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे द्या. तुमच्या स्वयंपाकघरातून इकडे यायचं दार आहे ते माझ्या बाजूने बंद राहील. काम असेल तर पुढच्या दाराने या, वाजवून."

बायको गेल्यापासून मी रोज त्या आतल्या दारातून दोन-चारदा डोकावायचो. काम काहीच नसायचं. मी किल्ल्या आणून दिल्या.

सोमवारी मुलगी पोस्टात लवकर गेली. मी मिरीला कडेवर घेतलं, घराला वळसा घालून पुढच्या दारी आलो आणि दार वाजवलं. छोट्या मावशीने ते अर्धंच उघडलं.

"शेवटची उलटी कधी झाली?"

"गुरुवारी सकाळी."

"जुलाब?"

"शुक्रवारी रात्रीपर्यंत. नंतर नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने आधी मिरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शुक्रवारी दिवसभर मी तिच्याकडे बघत होतो, तसंच.

"तिच्या आईला फोन करून विचारते," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी मिरीला घेऊन पायरीवर उभा राहिलो.